शरद ऋतूतील घरचा दिनक्रम आणि ऋतूला साजेसे वाचन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की घरात लवकर परतण्याची, दिव्याजवळ बसण्याची आणि पुस्तक उघडण्याची ओढ अनेकांना लागते. ही ओढ चार-दोन संध्याकाळींवर न विरता ऋतूभर टिकावी, यासाठी वेळ, उजेड, बैठक आणि पुस्तकाची निवड यांविषयी वाचकांकडून सातत्याने येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

वाचनाची बैठक जमवण्यासाठी शरद ऋतूच विशेष सोयीचा का?

मुख्य कारण उजेडाचे आहे. उत्तर गोलार्धात 22 किंवा 23 सप्टेंबरला शरद संपात होतो, म्हणजे दिवस आणि रात्र जवळजवळ सारख्या लांबीची होतात. आणि वर्षभरात दिवस सर्वांत वेगाने आखडतो तो याच सुमारास. हा वेग अक्षांशावर अवलंबून असतो. विसाव्या अक्षांशावर दिवस रोज साधारण एका मिनिटाने लहान होतो, चाळिसाव्या अक्षांशावर पावणेतीन मिनिटांनी आणि साठाव्या अक्षांशावर साडेपाच मिनिटांनी. चाळिसाव्या अक्षांशावरील घरात महिन्याभरात दिवसाचा सुमारे सव्वा तास काळोखाकडे जातो, आणि तो बदल अंगणात, खिडकीत, स्वयंपाकघरात सगळीकडे जाणवतो. दक्षिण गोलार्धात हेच मार्च महिन्यात घडते.

दुसरे कारण हवेचे. उकाडा ओसरलेला असतो, पण हात पांघरुणाबाहेर काढून पान उलटणे नकोसे वाटावे इतकी थंडी पडलेली नसते. हा अनुभव फार जुना आहे. चिनी कवी हान यू (768–824) याने मुलाला अभ्यासाची गोडी लावण्यासाठी लिहिलेल्या कवितेत, शरदातला लांबलेला पाऊस थांबून नवा गारवा आला की दिवा हळूहळू जवळचा वाटू लागतो आणि ग्रंथ उलगडता येतात, अशा आशयाच्या ओळी आहेत. जपानमध्ये तर 1947 पासून शरदात वाचन सप्ताह पाळला जातो. नाव सप्ताहाचे असले तरी तो 27 ऑक्टोबर ते 9 नोव्हेंबर असा दोन आठवडे चालतो.

रोज नेमके केव्हा वाचायला बसावे?

घड्याळाची वेळ ठरवण्यापेक्षा दिवेलागणीशी वाचन जोडावे, असे मी आग्रहाने सांगेन. बाहेरचा उजेड मंदावून घरातला पहिला दिवा लागतो तो क्षण दररोज आपोआप येतो, त्याची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही आणि तो ऋतूबरोबर सरकतो. दिवा लावला की पुस्तक हातात घ्यायचे, एवढाच नियम ठेवावा. शरदाच्या आरंभी ही वेळ उशिरा येते, त्यामुळे बैठक छोटी राहते. ऋतू पुढे सरकतो तशी संध्याकाळ लांबते आणि वाचनही वाढते. ज्या देशांत शरदात घड्याळे एक तास मागे घेतली जातात, तिथे संध्याकाळचा काळोख एका दिवसात तासभर अलीकडे येतो. दिव्याशी बांधलेला दिनक्रम असला की त्या दिवशीही गोंधळ उडत नाही.

दिवेलागणीला जे कामावर किंवा प्रवासात असतात त्यांनी घरी पोचल्यावर लावलेला पहिला दिवा धरावा. मात्र हातपाय धुणे, कपडे बदलणे, पाणी पिणे ही कामे आधी उरकावीत. अर्धवट राहिलेले काम मनात घोळत असताना वाचलेले पान डोळ्यांखालून जाते, मनात उतरत नाही.

अशी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात?

एकवीस दिवसांत सवय लागते, असे सर्रास सांगितले जाते. त्यावर विसंबून राहू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी कृती सहजपणे होऊ लागण्याचा मध्यम कालावधी 66 दिवस आढळला, आणि माणसामाणसांतील फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मला अधिक दिलासा देणारा वाटतो : मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय घडण्याच्या प्रक्रियेत फारसा अडथळा येत नाही. शरद संपाताला सुरुवात केली तर 66 दिवस नोव्हेंबरच्या शेवटी पूर्ण होतात. एक ऋतू हाताशी असणे म्हणजे पुरेसा वेळ हाताशी असणे.

रोज अर्धा तास वाचून ऋतूभरात कितीशी पुस्तके होतील?

वाटते त्यापेक्षा जास्त. इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढांविषयीच्या अनेक अभ्यासांचा 2019 साली एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात मनातल्या मनात कथासाहित्य वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला 260 शब्द आणि इतर गद्य वाचण्याचा 238 शब्द निघाला. या हिशेबाने अर्ध्या तासात 7,800 शब्द होतात आणि 90,000 शब्दांची कादंबरी साधारण बारा बैठकांत संपते. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडले जातात आणि शब्द लांब होतो, त्यामुळे हाच आकडा जसाच्या तसा धरू नये. पण एका ऋतूत चार-पाच मध्यम पुस्तके शांतपणे होऊ शकतात, हे यावरून दिसते. तरीही संख्येचे लक्ष्य ठेवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. लक्ष्य ठेवले की माणूस पातळ पुस्तके शोधू लागतो आणि जिथे थांबायला हवे त्या पानावरून पुढे पळतो.

‘ऋतूला साजेसे वाचन’ म्हणजे नेमके काय? मुखपृष्ठावर गळलेली पाने असलेले पुस्तक?

मुखपृष्ठावरून निवड करू नये. पुस्तक ऋतूला साजेसे ठरते ते तीन प्रकारांनी, आणि तिन्ही प्रकारांचे थोडे थोडे वाचन जवळ ठेवलेले बरे.

ज्यात हा ऋतू स्वतःच विषय आहे, ते लेखन सर्वांत जवळचे. कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहार’ या काव्यात सहा ऋतूंचे सहा सर्ग आहेत आणि तिसरा सर्ग शरदाचा आहे. इंग्रज कवी जॉन कीट्स याने शरदावरची आपली प्रसिद्ध कविता 19 सप्टेंबर 1819 रोजी विंचेस्टर येथे, गावाबाहेर फिरून आल्यावर लिहिली. दोनच दिवसांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात, कापणी झालेली शेते आपल्याला वसंताच्या थंडगार हिरवेपणापेक्षा जास्त आवडतात, ती कशी कोण जाणे ऊबदार दिसतात, असे त्याने कळवले आहे. कविता आणि ते पत्र एकाच संध्याकाळी, एकापाठोपाठ एक वाचून पाहावे. पत्रात जी नजर आहे तीच कवितेत कशी उतरली हे डोळ्यांसमोर दिसते, आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडल्यावर रिकाम्या शेताकडे आपण वेगळ्या नजरेने पाहतो. अशा लेखनाचा वेग अगदी कमी ठेवावा. एका बैठकीला एक कविता पुष्कळ झाली.

काही पुस्तके ऋतूविषयी नसतात, पण त्यांची चाल या संध्याकाळींना मानवते. जुनी पत्रे, रोजनिशा, आत्मचरित्रे, एका घराण्याच्या दोन-तीन पिढ्यांची कथा सांगणाऱ्या संथ कादंबऱ्या, कातरवेळेला अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा या सगळ्यांची जात एकच : घटना मावळतीकडे झुकलेल्या असतात आणि सांगणाऱ्याला घाई नसते. गूढकथा वाचणाऱ्यांनी त्या संध्याकाळीच संपवाव्यात. झोपण्याआधी एखादे शांत पान वाचावे.

निसर्गाची माहिती देणारी पुस्तके लोक या यादीत क्वचितच धरतात, आणि मला त्याचे वाईट वाटते. पाने पिवळी का होतात हे शरदात वाचण्यासारखे दुसरे सुख नाही, कारण पुरावा दाराबाहेर असतो. पानातील हरितद्रव्य मोडू लागले की त्याखाली आधीपासूनच असलेली पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड द्रव्ये दिसू लागतात. काही झाडांमध्ये मात्र लाल अँथोसायनिन शरदातच नव्याने तयार होते. म्हणजे पिवळा रंग उघडा पडतो आणि लाल रंग घडवला जातो. हे वाचून झाल्यावर एक पिवळे आणि एक लाल पान दिव्याखाली शेजारी धरून पाहावे, शिरांजवळचा हिरवा भाग कुठवर टिकला आहे तेही न्याहाळावे.

एक दीर्घ कादंबरी निवडावी की अनेक छोटी पुस्तके?

एक दीर्घ पुस्तक ऋतूचा कणा म्हणून ठेवावे आणि थकलेल्या दिवसांसाठी कविता किंवा लघुकथांचा एक संग्रह हाताशी असावा. एकाच वेळी चार पुस्तके उघडली की एकही मनात घर करत नाही.

वाचनासाठी दिवा कसा असावा?

या प्रश्नावर थोडा वेळ घालवणे योग्य आहे, कारण संध्याकाळच्या वाचनाचा सगळा डोलारा दिव्यावर उभा असतो. छताच्या एकाच दिव्यावर विसंबू नये. त्याखाली बसले की पुस्तकावर आपल्याच डोक्याची सावली पडते, शिवाय खोलीचे सगळे कोपरे सारखेच उजळल्यामुळे जी ऊबदार जवळीक हवी असते ती येत नाही. वाचनाचा दिवा वेगळा असावा आणि तो खांद्याच्या किंचित मागे, बाजूला असावा. उजव्या हाताने टिपणे काढणाऱ्याने तो डावीकडे ठेवावा, म्हणजे लिहिताना हाताची सावली कागदावर येत नाही.

उजेडाचा रंग केल्विन या एककात दिलेला असतो. 2700 ते 3000 केल्विनचा प्रकाश पिवळसर आणि संध्याकाळी डोळ्यांना सुखावणारा असतो. 5000 च्या पुढचा निळसर पांढरा प्रकाश कामाच्या टेबलासाठी ठीक, निवांत बैठकीसाठी नाही. प्रकाशाचे प्रमाण ल्युमेनमध्ये पाहावे. सुमारे 800 ल्युमेनचा एलईडी दिवा जुन्या 60 वॅटच्या दिव्याइतका उजेड देतो आणि आठ-नऊ वॅट वीज घेतो. पानावर प्रत्यक्ष पडणारा उजेड लक्स या एककात मोजतात. तो 300 ते 500 लक्स असला तर वाचन सुखाचे होते. तेवढा उजेड मिळवण्यासाठी मोठा दिवा घेण्याआधी आहे तो दिवा जवळ आणून पाहावा, कारण लहान दिव्याचे अंतर निम्मे केले की पानावरचा उजेड साधारण चौपट होतो.

घरात वयस्क माणसे वाचत असतील तर त्यांच्यासाठी दिवा निराळा आणि जास्त प्रखर ठेवावा. वाढत्या वयाबरोबर बाहुली लहान राहते व भिंग पिवळसर होते, त्यामुळे साठाव्या वर्षी डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विसाव्या वर्षाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश उरतो. ‘मला तर दिसते आहे’ असे म्हणून तरुणांनी आजी-आजोबांचा दिवा मंद करू नये. खोलीत दूरवर दुसरा एक मंद दिवाही असू द्यावा. लख्ख पान आणि भोवती गडद काळोख असला की नजर वर उचलताना डोळ्यांना दरवेळी नव्याने जुळवून घ्यावे लागते.

मंद उजेडात वाचल्याने डोळे खराब होतात का?

डोळे थकतात, चुरचुरतात, डोके जड होते. पण प्रौढांच्या डोळ्यांना त्यामुळे कायमची इजा होत नाही. एकाग्र वाचनात पापण्या कमी वेळा मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून दर वीस मिनिटांनी क्षणभर दूरवर पाहावे.

बसण्याची जागा कशी निवडावी?

दिवसा खिडकीजवळची आणि रात्री खिडकीपासून थोडी दूरची. काचेजवळची हवा संध्याकाळनंतर गार होऊन खाली उतरते आणि पायांना गारवा लागतो. पाय टेकतील अशी खुर्ची, कमरेमागे उशी आणि कोपर टेकायला आधार एवढे असले की पुरे. पुस्तक मांडीवर ठेवून मान वाकवण्याऐवजी मांडीवर जाड उशी घेऊन पुस्तक तिच्यावर उभे धरावे. डोळ्यांपासून साधारण 35 ते 40 सेंटीमीटर अंतर राहते आणि मान आखडत नाही. पांघरूण लोकरीचे असल्यास उत्तम. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प शोषूनही ओली लागत नाही, त्यामुळे तिच्यात ऊब टिकते पण घुसमट होत नाही.

यासाठी नवे सामान आणण्याची गरज नाही. घरात आधीपासून असलेली खुर्ची सरकवणे, दिवा हलवणे आणि बाजूच्या स्टुलावरचा पसारा काढणे हे काम एका संध्याकाळचे आहे, आणि ते स्वतः केलेल्या माणसाला ती जागा आपली वाटते.

मेणबत्ती लावून वाचता येईल का?

वातावरणासाठी लावावी, उजेडासाठी नव्हे. एका मेणबत्तीपासून एक मीटर अंतरावर जेमतेम एक लक्स उजेड पडतो. वात सुमारे सहा मिलिमीटर ठेवून बाकीची कापावी म्हणजे काजळी कमी धरते. पडदे, कागद आणि पांघरूण ज्योतीपासून निदान 30 सेंटीमीटर दूर असावेत. डोळा लागण्याची शक्यता असेल त्या दिवशी मेणबत्ती लावूच नये.

खोली किती उबदार ठेवावी? खिडक्या बंद कराव्यात का?

थंड व समशीतोष्ण हवामानातील घरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली घरातील किमान तापमान 18 अंश सेल्सिअस सुचवले आहे. लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे असतील तर त्याहून थोडे अधिक ठेवावे. बैठकीआधी दहा मिनिटे समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा बदलावी आणि मग बंद कराव्यात. ज्या खोलीत काही जळते आहे, मग ती शेगडी असो वा हीटर, तिथे हवा खेळती ठेवणे अनिवार्य आहे. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या इंधनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत त्याची चाहूलही लागत नाही.

झोपण्यापूर्वी मोबाइल किंवा टॅबलेटवर पुस्तक वाचले तर चालेल का?

छापील पुस्तक बरे. अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान पण काटेकोर प्रयोगात, झोपण्याआधी चार तास प्रकाश फेकणाऱ्या पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचण्याच्या तुलनेत उशिरा झोप लागली, झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक कमी स्रवले आणि सकाळी सुस्ती अधिक राहिली. प्रत्येकजण चार तास वाचत नाही, हे खरे. पण मोबाइलवर वाचताना एक निरोप येतो, त्याला उत्तर दिले जाते आणि पुस्तक मिटते, हा धोका उजेडाहून मोठा आहे. अक्षर मोठे करण्याची ज्यांना गरज आहे त्यांनी ई-शाईचे, म्हणजे कागदासारखा पडदा असलेले, वाचनयंत्र वापरावे, त्याचा उजेड मंद व पिवळसर ठेवावा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

घरात लहान मुले आहेत. निवांत वाचन जमेल कसे?

सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे मोठ्याने वाचावे. मुलांना गोष्ट समजो वा न समजो, दिवा लागला की घर एका ठिकाणी बसते हे त्यांना समजते. एकाच पुस्तकाचा रोज एक भाग वाचावा आणि उत्सुकता ताणलेल्या जागी थांबावे. मुले दुसऱ्या दिवशी स्वतःच आठवण करतात. त्यानंतर त्यांच्या हाती चित्रांचे पुस्तक देऊन मोठ्यांनी आपले पुस्तक उघडावे. आई-बाबांना वाचताना रोज पाहणे हीच मुलांसाठी मोठी ओढ असते, त्यांना निराळे सांगावे लागत नाही.

संध्याकाळ लवकर झाली की मन उदास होते. वाचनाने फरक पडेल का?

सौम्य मरगळ असेल तर ठरलेली वेळ, ऊबदार जागा आणि गुंतवून ठेवणारे पुस्तक यांचा आधार वाटतो. त्याच्या जोडीला सकाळचा उजेड घ्यावा. ढगाळ दिवशीही बाहेरचा प्रकाश घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो, म्हणून सकाळी अर्धा तास बाहेर चालून यावे. परंतु उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि भूक बदलली, नेहमीच्या गोष्टींतला रस गेला, तर डॉक्टरांना भेटावे. ऋतूबरोबर येणाऱ्या या नैराश्याचे वैद्यकीय वर्णन 1984 साली प्रसिद्ध झाले असून त्यावर उपचार उपलब्ध आहेत. त्यांत सकाळी सुमारे अर्धा तास घ्यायची 10,000 लक्सची प्रकाशचिकित्साही येते, पण ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी. अशा वेळी पुस्तकावर सगळी भिस्त ठेवणे स्वतःवर अन्याय करणारे आहे.

कपाटातली जुनी पुस्तके काढल्यावर कुबट वास येतो. ती वाचावीत का?

आधी वास ओळखावा. जुन्या कागदाचा गोडसर, किंचित व्हॅनिलासारखा वास कागदातील लिग्निन विघटित झाल्याने येतो आणि तो निरुपद्रवी असतो. ओलसर, मातकट वास आणि पानांवर करडे किंवा हिरवट ठिपके असतील तर ती बुरशी आहे. असे पुस्तक बाकीच्यांपासून वेगळे करावे, कोरड्या आणि हवेशीर जागी सावलीत उभे उघडून ठेवावे आणि पूर्ण वाळल्यावर घराबाहेर, तोंडावर मास्क लावून मऊ ब्रशने झटकावे. कडक उन्हात ठेवू नये. त्याने कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

पुस्तकांच्या खोलीत आर्द्रता 35 ते 55 टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. ती दीर्घकाळ 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि ओल असेल तिथे कसरही येते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, कारण शरदात गार झालेल्या त्या भिंतीवर बाष्प जमते. मागे चार बोटे मोकळी जागा सोडावी आणि फळीवर पुस्तके इतकीच लावावीत की एक काढताना शेजारचे ओढले जाणार नाही.